पत्राबाईने दार का उघडलं?

भिंगरावांबद्दल भिंगरावांचं मत फार चांगलं आहे. ‘चालताबोलता एक्स-रे’, ‘मनाच्या चोरकप्प्याची किल्ली’ आणि ‘गुन्हेगारांच्या कानाशी गुणगुणणारा डास’ या पदव्या त्यांनी स्वतःच स्वतःला दिल्या आणि फारसे आढेवेढे न घेता स्वीकारल्याही. निवृत्त होईपर्यंत ते विजेचे मीटर वाचायचे. “लोकांच्या जिन्याखाली बॅटरी मारून जो आकडे वाचतो, त्याला चेहरे वाचायला असा कितीसा वेळ लागणार?” असा त्यांचा बिनतोड सवाल असे. बिनतोड अशासाठी की उत्तर द्यायला समोरचा माणूस थांबलेलाच नसे.

त्यांच्या नावावर मोठमोठी प्रकरणं आहेत. शेजारणीच्या बेपत्ता छत्रीचं प्रकरण घ्या. छत्री भिंगरावांच्याच हातात होती, पण ती त्यांच्या हातात आहे हे त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसतं, असं ते म्हणतात. किंवा रोज झिजणाऱ्या साबणाच्या वडीचं प्रकरण घ्या. त्या तपासात तर त्यांना बाथरूममध्ये बराच काळ मुक्काम ठोकावा लागला होता. साबण पाण्याने झिजतो, हा त्यांचा निष्कर्ष आजवर कुणालाही खोडता आलेला नाही.

तुम्ही म्हणाल, सांगणाऱ्याला भिंगरावांची एवढी खडान्‌खडा माहिती कशी? तर सांगणारा त्यांना फार जवळून ओळखतो. इतक्या जवळून की भिंगरावांनी चष्मा काढला की सांगणाऱ्याला दिसेनासं होतं. तेव्हा पुढे जे काही वाचाल, ते माझ्यावर विश्वास ठेवून वाचा. माझी त्यात काही अब्रू राखायची शिल्लक नाही.

तर झालं असं, की एका संध्याकाळी काकू कामावरून आल्या आणि चपला न काढता खुर्चीत बसल्या. काकू म्हणजे भिंगरावांची बायको. त्या एका कार्टून स्टुडिओत आवाज द्यायच्या, आणि तिथले सगळे त्यांना काकू म्हणत.

“काय झालं गं?” भिंगराव म्हणाले. “थांब, सांगू नकोस. तुझ्या चपलांवरून ओळखतो. तू पायी आलीस.”

“मला भंगारात काढतायत,” काकू म्हणाल्या.

आता हे नीट सांगायला हवं. स्टुडिओत ‘सात सूर्यांपलीकडे’ नावाची अंतराळातल्या साहसांची मालिका बनत होती. तीत ‘टिटवी’ नावाचं यान होतं, त्याचा कप्तान तडफ होता, आणि यानावर सगळ्यांची काळजी घेणारं एक जुनं यंत्र होतं, पत्राबाई. पत्राबाईचा आवाज काकूंचा. ध्वनिवाला तो एका यंत्रातून काढायचा आणि तिकडून तो पत्र्यासारखा खणखणत बाहेर पडायचा. खलनायक होता खग्रास. हा आख्खेच्या आख्खे सूर्य गिळायचा. कप्तानाने जिवाचं रान करून त्याला पकडलं, यानाच्या कोठडीत कोंडलं आणि दारावर पत्राबाईला पहाऱ्याला उभं केलं.

आणि पत्राबाईने दार उघडलं! खग्रास सुटला. ती असं का वागली, ते कुणालाच कळेना. पुढचे भाग खग्रास सुटलाय हे धरूनच चितारून झाले होते, म्हणजे मागेही जाता येईना. शेवटचा भाग तेवढा राहिला होता. मालकांनी फर्मान काढलं, ‘कारण सापडलं तर ठीक. नाहीतर यंत्र बिघडलं म्हणायचं, पहिल्याच दृश्यात भंगारात काढायचं, आणि पुढच्या मालिकेत दुसरं यंत्र आणायचं, तरुण आवाजाचं.’

“मला तर त्यांनी तो भाग दाखवलासुद्धा नाही,” काकू म्हणाल्या. “पत्राबाईने दगा दिला, एवढंच सांगितलं. ती असं करणार नाही हो. मी ओळखते तिला.”

भिंगराव गप्प झाले. ही घटना त्यांच्या घरात दुर्मीळच. त्या घरात बोलण्याचं खातं पहिल्यापासून भिंगरावांकडे आणि ऐकण्याचं काकूंकडे होतं. स्टुडिओतली आवाज द्यायची खोली होती जेमतेम कपाटाएवढी, पण जगात तेवढी एकच खोली अशी होती जिथे काकू बोलायला लागल्या की बाकीचे गप्प बसत. हे काकू कधी बोलून दाखवत नसत, पण कामाच्या दिवशी सकाळपासून गुणगुणत असत. चालत्याबोलत्या एक्स-रेला हे एवढं मात्र दिसलेलं होतं.

“उद्याच येतो मी स्टुडिओत,” भिंगराव छातीवर हात ठेवून म्हणाले. “हे प्रकरण मी घेतलं!”

“त्याआधी बाथरूमची कडी दुरुस्त करा,” काकू म्हणाल्या. “अजून अडकते ती.”

“अगं, इथे सूर्य गिळले जातायत आणि तू कडीचं काय घेऊन बसलीस! उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी भिंगराव भिंग, बॅटरी आणि गळ्यात मफलर अशा थाटात स्टुडिओत थडकले. उन्हाळा होता, पण मफलरशिवाय त्यांचं डोकं चालत नसे. मालकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“फुकट करणार असाल तर करा,” मालक म्हणाले. “पण भाग अजून बाहेर गेलेला नाही. त्यात काय आहे ते बाहेर कुणाकडे बोलायचं नाही. बायकोकडेही नाही. ती नाराज आहे, चार ठिकाणी बोलून जाईल.”

“मालक, या छातीत गुपितांचं कब्रस्तान आहे,” भिंगराव म्हणाले.

मग त्यांना तो भाग दाखवला. कोठडीपुढे पत्राबाई ताठ उभी. मागे बंद दार. कप्तान जोरदार भाषण ठोकून निघून जातो. शांतता. आणि अचानक पत्राबाई गर्रकन वळते आणि ओरडते, “दार उघडा लवकर! माझा माणूस आत अडकलाय!” दार धाडकन उघडतं आणि खग्रास आरामात बाहेर येतो.

भिंगराव खुर्चीतून अर्धे उठले. “माझा माणूस!” ते पुटपुटले. “म्हणजे यात एक पुरुष आहे.”

“खग्रास आहे की,” दिग्दर्शक म्हणाला.

“तुम्हाला तो दिसतो. मला त्याच्यामागचा सूत्रधार दिसतो. तो कोण आहे ते मी शोधीन, आणि ज्या दिवशी तो माझ्यासमोर येईल त्या दिवशी त्याची गय करणार नाही!”

हे वाक्य भिंगरावांनी फार त्वेषाने उच्चारलं. सांगणाऱ्याला ते आठवलं की अजून कान गरम होतात.

तपास सुरू झाला. आधी त्यांनी लेखकाला गाठलं. लेखक दाढी कुरवाळत होता.

“हे वाक्य का लिहिलंत?”

लेखक जरासा चपापला आणि मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “काही गोष्टी लिहिल्या जात नाहीत, त्या घडतात.”

हे उत्तर फार खोल आहे असं वाटून भिंगरावांनी पुढे विचारलंच नाही. मग ते दिग्दर्शकाकडे गेले.

“हे दृश्य असं का घेतलंत?”

“लेखकाला जे म्हणायचं होतं ते मी पोचवलं,” दिग्दर्शक म्हणाला आणि घाईघाईने पाणी प्यायला.

दोघेही काहीतरी दडवतायत, हे भिंगरावांनी अचूक ओळखलं. काय दडवतायत ते मात्र चुकीचं ओळखलं. दोघे मिळून स्पर्धक स्टुडिओला फितूर आहेत असं ठरवून त्यांनी दोघांच्या कचऱ्याच्या टोपल्या उपसल्या. लेखकाच्या टोपलीत दिग्दर्शकाला शिव्या निघाल्या आणि दिग्दर्शकाच्या टोपलीत केळीची सालं. फितुरीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

मग ते वरच्या मजल्यावर चित्रविभागात गेले. तिथली मुख्य एक करारी बाई होती, कानावर पेन्सिल खोचलेली. तिच्यासमोर भिंगरावांनी पत्राबाईचं आणि खग्रासचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं, भिंग लावलं आणि ओरडले, “सापडलं! दोघांचे डोळे हुबेहूब सारखे आहेत! ही बहीणभावंडं आहेत! लहानपणी ताटातूट झालेली!”

“माझ्याकडे डोळे काढणारा माणूस एकच आहे,” मुख्यबाई म्हणाल्या. “कप्तानाचे डोळेही तसलेच. यानावरच्या मांजराचेही तसलेच.”

भिंगराव विचारात पडले. “म्हणजे मांजरसुद्धा...?”

“काका, चहा घेणार का?”

चहाने भिंगरावांची बुद्धी परत तरतरीत झाली. त्यांनी ते दृश्य पुन्हा पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. एरवी सगळं उजव्या हाताने करणारी पत्राबाई दार डाव्या हाताने उघडत होती! म्हणजे ही खरी पत्राबाईच नव्हे. हा तोतया!

“दार डावीकडे होतं,” मुख्यबाई म्हणाल्या. “म्हणून चित्र उलटं करून घेतलं. नवीन हात कोण काढत बसणार?”

“मग ती दार उघडते, हे तरी तुम्हाला कुणी काढायला सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? आमच्याकडे आवाज आधी येतो, चित्र मागून. आवाजात असेल ते काढायचं. चित्रं काढायची, शंका नाही काढायच्या. मागे एकदा आवाजात शिंक आली, आम्ही शिंकणारी पत्राबाई काढली. बघणाऱ्यांना फार आवडली.”

वाचकहो, याहून स्वच्छ धागा कुठल्याही गुप्तहेराच्या हातात आजवर पडला नसेल. भिंगरावांनी ‘यंत्राला सर्दी?’ एवढंच मनाशी म्हटलं आणि ते जिना उतरले.

असे काही दिवस गेले. शेवटच्या भागाच्या ध्वनिमुद्रणाचा दिवस जवळ आला. शेवटी भिंगरावांनी मोठ्या पडद्याच्या खोलीत सगळ्यांना जमवलं. मालक, लेखक, दिग्दर्शक, मुख्यबाई, ध्वनिवाला, सगळे बसले. भिंगराव मफलर सावरत येरझारा घालू लागले. हा क्षण त्यांनी आरशासमोर इतक्यांदा केला होता की तो पाठ झाला होता.

“मंडळी,” ते म्हणाले, “मी हिचे सगळे जुने भाग पाहिले. आणि मला काय दिसलं? यानावर संकट येतं तेव्हा पत्राबाई नेमकी तेलाचा डबा आणायला गेलेली असते! प्रत्येक वेळी! खग्रास यानात शिरतो तेव्हा हिने मागची खिडकी पुसायला म्हणून उघडलेली असते! ती कप्तानाला निजवते, आणि तो निजला की हल्ला होतो! योगायोग? छे! मंडळी, पत्राबाई पहिल्या भागापासून खग्रासची हस्तक आहे! ती सेवा नव्हतीच, पाळत होती! त्यामागचा तो सूत्रधार, तो ‘माणूस’, अजून पडद्याआड आहे. पण हिचा गुन्हा शंभर टक्के सिद्ध!”

मग टाळ्या पडल्या. एकच माणूस टाळ्या वाजवत होता, मालक.

“वाहवा! काय डोकं चाललंय! म्हणजे बाई पहिल्यापासून चोर. मग प्रश्नच मिटला, भंगारात काढा! परवाच्या ध्वनिमुद्रणाला काकूंना फक्त एक किंकाळी मारायला बोलवा.”

भिंगराव खाली वाकून मानवंदना स्वीकारत होते. अर्ध्या वाकण्यात त्यांना कळलं आपण काय केलंय ते. वाकलेला कणा काही केल्या सरळ होईना.

“मालक, तसं नव्हतं मला...”

“नम्रपणा पुरे! तुम्हीच सिद्ध केलंत!”

बायकोला वाचवायला गेलेल्या माणसाने तिच्याच गळ्यात धोंडा बांधला होता, आणि तोही भाषण करून. भिंगराव घरी चालत गेले. वाटेत त्यांनी मफलर काढून खिशात कोंबला.

काकूंनी ताटं वाढली होती. भिंगराव मान खाली घालून जेवत होते, आणि तिसऱ्या घासालाही त्यांनी ‘मीठ कमी, संशयास्पद आहे’ असं म्हटलं नाही. काकूंना काय ते कळलं.

“गेलं ना माझं काम?”

“माझ्यामुळे गेलं गं. मी तिला चोर ठरवली. फार मुद्देसूद ठरवली. टाळ्यासुद्धा पडल्या.”

काकूंनी वाढायची पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “मला एक सांगा. मला भंगारात घालणार ना, मग कशासाठी घालतायत तेवढं तरी कळू दे. काय केलं तिने? काय म्हणाली?”

“ते सांगता येत नाही. गुपित आहे.”

“फाशी देतानासुद्धा माणसाला गुन्हा वाचून दाखवतात!”

काकूंचा आवाज चढला होता. घरात तो कधी चढत नसे. भिंगराव ताट सोडून उठले. गुपितांचं कब्रस्तान उघडलं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी ताठ उभे राहिले, गर्रकन वळले आणि पत्राबाईसारखे खणखणीत ओरडले, “दार उघडा लवकर! माझा माणूस आत अडकलाय!”

काकू बघतच राहिल्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. बायको रडतेय असं वाटून भिंगराव पुढे झाले, तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचंच होतं.

“अहो, हे पत्राबाईने कुठे म्हटलंय! हे मी म्हटलंय!”

“तूच म्हटलंस गं, आवाज तुझाच आहे...”

“तसं नाही हो! तुमचा तो साबण! तुम्ही साबणाच्या वडीवर पाळत ठेवायला बाथरूममध्ये शिरलात आणि कडी अडकली. आरडाओरडा करून गल्ली गोळा केलीत. शेजारणीने स्टुडिओत फोन केला. मी आवाजाच्या खोलीत होते. पहाऱ्याचं बोलून झालं होतं. ध्वनिवाल्याने काचेपलीकडून सांगितलं, काका बाथरूममध्ये अडकलेत. ते आमच्या खोलीचं दार जड, बाहेरूनच उघडतं. मी ओरडले, दार उघडा लवकर, माझा माणूस आत अडकलाय! आणि चप्पल हातात घेऊन धावत सुटले. कडी बाहेरून उलथन्याने कशी उचलायची ते माझ्याशिवाय कुणाला येतं?”

ज्याची गय भिंगराव करणार नव्हते तो सूत्रधार अखेर त्यांच्यासमोर आला होता. सकाळी दाढी करताना रोज येत असे.

सकाळी दोघं स्टुडिओत गेले. काकूंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ध्वनिवाल्याने जीभ चावली. “काकू, तुम्ही ओरडलात तसा मी दार उघडायला धावलो. यंत्र बंद करायचं राहिलंच. ते तसंच वर गेलं.”

“आवाजात होतं, आम्ही काढलं,” मुख्यबाई म्हणाल्या.

लेखक दिग्दर्शकाकडे बघत म्हणाला, “मला वाटलं तुम्ही घातलंत. राग आला होता मला.”

“मला वाटलं तुम्ही लिहिलंत,” दिग्दर्शक म्हणाला. “मला कळलं नाही, पण तसं म्हणणार कसं?”

मालकांनी डोकं धरलं. “बरं, चोर नाही हे कळलं. पण पडद्यावर कारण काय द्यायचं? यंत्राचा नवरा बाथरूममध्ये अडकला होता, असं?”

भिंगरावांनी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते मिटून घेतलं, कारण काकू बोलत होत्या.

“माझं जे कारण होतं तेच तिला द्या ना. पहिल्या भागात एक दिवे दुरुस्त करणारा होता बघा यानावर, धांदरट. पुढे तुम्ही सगळेच विसरलात त्याला. तो कोठडीतला दिवा बदलायला आत गेला असेल आणि दार लागलं असेल. खग्रासबरोबर आत अडकला असेल बिचारा. आता पत्राबाईने काय करायचं? विचार करत उभं राहायचं?”

लेखकाने दाढी कुरवाळायची थांबवली आणि पेन शोधायला लागला. मालक हळूच म्हणाले, “हे चालेल. हे चालेलच! पण काकू, त्याच्यापायी सूर्य गिळणारा सुटला, म्हणून कप्तान तिला जाब विचारेल. त्याला ती काय सांगेल?”

“ते मी बघते,” काकू म्हणाल्या. “उद्या मला किंकाळीला बोलावलंत ना? तेव्हा बोलते.”

त्या ध्वनिमुद्रणाला भिंगरावांनाही बोलावणं आलं. धांदरट दिवेवाल्याला एक वाक्य होतं, आणि असा आवाज बाहेर शोधायची गरज नाही असं सगळ्यांचं एकमत झालं. वाक्य होतं, “कडी जरा घट्ट आहे.” भिंगरावांनी ते आधी गुप्तहेराच्या आवाजात म्हणून पाहिलं, मग सूत्रधाराच्या. शेवटी काकूंनी डोळे वटारले तेव्हा ते भिंगरावांच्या स्वतःच्या आवाजात आलं. तेच ठेवलं. काकूंनी कप्तानाला काय उत्तर दिलं ते मात्र त्यांनी घरी सांगितलं नाही. गुपित आहे म्हणाल्या.

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी शेजारीपाजारी घरात दाटीवाटीने जमले होते. भाग सुरू व्हायच्या जरा आधी भिंगराव तोंडावर पाणी मारायला बाथरूममध्ये गेले, कारण कलावंताने ताजंतवानं दिसायला हवं. आणि कडी अडकली. ती ते उद्या दुरुस्त करणार होते.

त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर टीव्हीतून त्यांचाच आवाज आला, “कडी जरा घट्ट आहे.” बाहेर हशा पिकला. आतून भिंगराव ओरडले, “अहो, खरंच घट्ट आहे!” बाहेर आणखी हशा पिकला. भिंगराव बादली उलटी घालून तिच्यावर बसले. अडकलेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो. ही सगळी गोष्ट त्यांनी तिथेच मनाशी जुळवली.

मग बाहेर सगळे गप्प झाले. कप्तान तडफ पत्राबाईला जाब विचारत होता. एका दिवेवाल्यासाठी तू खग्रासला सोडलंस? असा कोण मोठा लागून गेलाय तो?

आणि पत्राबाईचा आवाज आला, खणखणीत, पण काकूंचाच. “कुणी मोठा नाही, कप्तान. एक नंबरचा धांदरट आहे. पण आपला माणूस आत अडकला की आधी दार उघडायचं असतं. सूर्याचं मग बघू.”

बाहेर कुणीच हसलं नाही. आत भिंगरावांनी चष्मा काढला आणि सांगणाऱ्याला काही दिसेनासं झालं.

मग दाराच्या फटीतून उलथनं आत आलं आणि कडी शोधू लागलं.

“मागे सरका,” काकू म्हणाल्या, “नाहीतर नाकाला लागेल.”